गाडी मऊ झाली की जड झाली? आलिशान मोटारी आणि चालवण्याचा आनंद

२०२४ साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने ‘एम५’ या आपल्या वेगवान सेदानची नवी पिढी जाहीर केली, तेव्हा तिच्या ७२७ अश्वशक्तीपेक्षा जास्त चर्चा झाली ती तिच्या वजनाची. ही गाडी २,४३५ किलोंची आहे. १९९८ साली आलेली आणि जाणकार आजही जिचे नाव आदराने घेतात ती एम५ होती १,७९५ किलोंची. मधला फरक ६४० किलोंचा, म्हणजे साधारण एका जुन्या मारुती ८०० एवढा. त्याच वर्षी याच कंपनीची नवी ‘५ सिरीज’ भारतात आली, तीही फक्त लांबवलेल्या स्वरूपात, मागे बसणाऱ्याला पाय पसरता यावेत म्हणून. ज्या कंपनीने अनेक दशके ‘चालवण्याचा आनंद’ याच शब्दांवर आपल्या गाड्या विकल्या, तिच्याकडून एकाच वर्षी आलेल्या या दोन बातम्या वाचल्यावर अनेकांना प्रश्न पडला, की आलिशान गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आरामासाठी गाडीच्या चपळाईचा बळी देत आहेत का?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. काहीतरी हरवले आहे हे खरे आहे, पण ते आरामाने नेलेले नाही. आराम आणि चपळाई या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत, एक वर गेली की दुसरी खाली येणारच, ही समजूत इतकी पक्की रुजली आहे की खऱ्या कारणाकडे आपले लक्षच जात नाही. ते कारण समजण्यासाठी सुरुवात गाडीच्या पोटाखालून करावी लागेल.

## चाक आणि बैठक यांच्यामध्ये काय असते

डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन विहिरीवरून घरी येणारी बाई आठवून पाहा. पायाखालची वाट दगडधोंड्यांची असते, पावले खालीवर पडतात, पण वरचा हंडा जवळपास एकाच पातळीत पुढे सरकतो आणि पाणी हिंदकळत नाही. हा सगळा खडबडीतपणा तिचे घोटे, गुडघे आणि कंबर मधल्यामध्ये पचवतात. गाडीत हेच काम सस्पेन्शन करते. चाकाने रस्त्याबरोबर खालीवर व्हावे आणि वर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागू नये, एवढेच नव्हे तर चाकाने रस्ता कधी सोडूही नये, अशी दोन कामे त्याला एकाच वेळी करायची असतात.

त्यात मुख्य भाग दोन. एक स्प्रिंग, जी दबते आणि धक्का साठवून घेते. पण साठवलेला धक्का ती परतही करते, आणि एकटी असली तर गाडी बराच वेळ झोके खात राहील. म्हणून तिच्या जोडीला डॅम्पर असतो, ज्याला आपल्याकडचे गॅरेजवाले शॉकअप म्हणतात. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि त्या अडथळ्यात झोक्याची ताकद उष्णता होऊन विरून जाते. मुरलेला मेकॅनिक गाडी उचलण्याआधीच याची परीक्षा घेतो. बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवून तो अंगाचा भार टाकतो आणि एकदम हात काढून घेतो. कोपरा वर येऊन जागच्या जागी थांबला तर तो काही बोलत नाही; दोन-तीनदा डुलला तर ‘शॉकअप गेले’ म्हणून मोकळा होतो. ही परीक्षा कोणालाही आपल्या दारातल्या गाडीवर करता येते आणि स्प्रिंग व शॉकअप यांच्यातला फरक कोणत्याही आकृतीपेक्षा ती चांगला समजावते.

याशिवाय डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी पोलादाची एक दांडी असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलू लागली की ही दांडी पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. शेवटचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे टायर. रस्त्याचा धक्का सर्वांत आधी पचवते ती टायरमधली हवाच.

## मऊ म्हणजे सुखाची, कडक म्हणजे चपळ?

हा समज पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट आहे. स्प्रिंग कडक केली की वळणावर गाडी कमी कलते आणि स्टेअरिंग फिरवताच लगेच वळते, हे खरे. मऊ केली की खड्डे कमी लागतात, हेही खरे. पण माणसाच्या शरीराला सुख कशात वाटते हे पाहिले की गणित इतके सरळ राहत नाही.

सेकंदाला एकदा खालीवर होणारी हालचाल म्हणजे एक हर्ट्झ. आपण चालतो तेव्हा आपले शरीर सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा खालीवर होते, आणि आयुष्यभराच्या सवयीमुळे ही लय आपल्याला जाणवतही नाही. म्हणूनच बहुतेक गाड्यांचे सस्पेन्शन एक ते दीड हर्ट्झच्या आसपास डोलेल असे बसवलेले असते. याच्या वर, सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे हादरे माणसाला सर्वांत जास्त त्रास देतात, कारण त्या वेगाने पोटातले अवयव आणि पाठीचा कणा सोबत थरथरू लागतात. पण उलट दिशेनेही मर्यादा आहेच. अर्ध्या हर्ट्झच्याही खाली, होडीसारखी संथ डोलणारी गाडी मळमळ आणते. घाटात मागच्या बाकावर बसून ज्यांना उलट्या झाल्या आहेत, त्यांना जास्त मऊपणा म्हणजे जास्त सुख नव्हे हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते मॉरिस ऑली. मूळचे रोल्स-रॉइसचे हे इंग्रज अभियंता १९३० च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेले, आणि गाडीचा पुढचा व मागचा भाग कोणत्या लयीत डोलावा याचे त्यांनी बारकाईने प्रयोग केले. रस्त्यावरचा उंचवटा पुढच्या चाकाला आधी भेटतो आणि मागच्याला क्षणभराने. दोन्हीकडच्या स्प्रिंगा सारख्याच लयीच्या असतील तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलत राहते. मागची लय थोडी जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी एकसंध खालीवर होते. म्हणजे मागची स्प्रिंग त्या मानाने थोडी कडक केल्याने गाडी अधिक सुखाची झाली! कडक-मऊ या दोनच शब्दांत विचार करणाऱ्याला हे कोडे सुटत नाही.

व्यवहारातले पुरावेही कमी नाहीत. लोटस या इंग्रज कंपनीचे कॉलिन चॅपमन यांनी १९६२ साली आणलेली ‘एलान’ ही छोटी स्पोर्ट्स कार वळणावळणाच्या रस्त्यावर आजही आदर्श मानली जाते, आणि तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. जॅग्वारची १९६८ ची ‘एक्सजे६’ ही मोठी, शांत, गुबगुबीत सेदान त्या काळच्या कितीतरी स्पोर्टी म्हणवणाऱ्या गाड्यांपेक्षा वळणावर जास्त विश्वासाची होती. एलानला हे जमले याचे सर्वांत मोठे कारण तिच्या आकड्यांत आहे. तिचे वजन सातशे किलोंच्या आत होते. स्प्रिंगेवर ओझेच कमी असले तर ती मऊ ठेवूनही गाडी ताब्यात राहते.

## ‘हँडलिंग’ या एका शब्दात दडलेल्या तीन गोष्टी

गाडीच्या परीक्षणांत ‘हँडलिंग चांगले आहे’ असे वाक्य असतेच. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. पहिली पकड, म्हणजे टायर रस्त्याला किती घट्ट धरतो. दुसरी अंगाचा ताबा, म्हणजे वळताना, ब्रेक मारताना आणि उंचवट्यावरून जाताना गाडी किती डुलते आणि किती लवकर सावरते. तिसरी संवाद, म्हणजे चाकाखाली काय चालले आहे ते चालवणाऱ्याच्या हाताला आणि पाठीला किती कळते.

संवाद म्हणजे काय हे ज्याने संक्रांतीला पतंग उडवला आहे त्याला लगेच कळेल. पतंग दोनशे फुटांवर असतो, पण वारा पडला, झोत आला, पतंग गिरकी घेणार आहे, हे डोळ्यांच्या आधी बोटांना मांज्यातून कळते. स्टेअरिंगचा गोल हा चालकाचा मांजाच आहे. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरू लागण्याआधी स्टेअरिंग किंचित हलके पडते, आणि ते हलकेपण ज्याला कळले तो वेळेवर वेग कमी करतो.

माझ्या एका मित्राने बारा-तेरा वर्षे जपलेली सेदान विकून त्याच कंपनीची नवी, दुप्पट किमतीची गाडी घेतली, तेव्हा आम्ही दोघे ती घेऊन जुलैत ताम्हिणी घाटात गेलो होतो. काचेवर पाऊस वाजत होता आणि आत मात्र आपण घरात बसलो आहोत इतकी शांतता होती. एका आंधळ्या वळणावर डोंगरातून वाहून आलेल्या लाल मातीचा पातळ थर रस्त्यावर पसरला होता. गाडी त्यावरून न डगमगता गेली, डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पुढे चहाला थांबलो तेव्हा मित्र म्हणाला, “गाडी घसरली होती ना रे तिथं? मला दिवा दिसला म्हणून कळलं. जुन्या गाडीत हाताला कळायचं.” कप हातात धरून तो बराच वेळ गाडीकडे बघत उभा होता.

त्याच्या या वाक्यात सगळा विषय आला. पकड वाढली आहे, ताबाही वाढला आहे, आटला आहे तो संवाद.

त्याचे एक मोठे कारण म्हणजे विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग. पूर्वी इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलके करत असे. गाडी सरळ जात असली तरी तो पंप फिरत राही आणि इंधन खाई. त्याऐवजी गरज असेल तेव्हाच चालणारी विजेची मोटर आली. बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजमध्ये २०१० च्या पिढीपासून आणि पोर्शच्या ९११ मध्ये २०११ पासून ती आली, आणि दोन्ही वेळी जुन्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. मोटर आणि तिचे गणित करणारा संगणक रस्त्यावरून येणारी बारीक थरथर गाळून टाकत होते. गेल्या काही वर्षांत यात बरीच सुधारणा झाली आहे हे मान्य करायला हवे. शिवाय गाडीने स्वतःहून लेन धरणे किंवा स्वतः पार्क होणे या गोष्टी विजेच्या मोटरमुळेच सोप्या झाल्या. पण लक्षात घेण्यासारखे हे, की हा बदल आरामासाठी झालेला नाही. तो मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी झाला.

## मग खरा दोष कोणाचा

वजनाचा, आणि वजनाबरोबर येणाऱ्या आकाराचा.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज ही आटोपशीर, चपळ सेदानचा मापदंड समजली जात असे. १९९८ मध्ये आलेल्या पिढीत तिचा व्हीलबेस २,७२५ मिलिमीटर होता. सध्याच्या पिढीत तो २,८५१ झाला. आणि भारतात २०२१ मध्ये ‘ग्रान लिमोझिन’ नावाने आलेल्या लांब आवृत्तीत २,९६१. म्हणजे जवळजवळ पाऊण फूट वाढ झाली. लांब शिडी घेऊन अरुंद जिन्यातून वळणे आणि आखूड शिडी घेऊन वळणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

वजन का वाढले याची कारणे वाईट नाहीत. अपघातात प्रवासी वाचावेत म्हणून सांगाडा मजबूत झाला, एअरबॅगा वाढल्या. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून दुहेरी थराच्या काचा आणि आवाज शोषणारी अस्तरे आली. सीटांमध्ये मोटरी, पंखे, मालिशची यंत्रे आली. आता प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी इंजिनच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर आली आहे, आणि नव्या एम५ च्या वजनात मोठा वाटा याचाच आहे.

पण वजन वाढले की पुढे काय घडते ती साखळी नीट पाहिली पाहिजे. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. म्हणून जड गाडीला वळणावर तेवढीच पकड हवी असेल तर टायर रुंद करावा लागतो. जड गाडी थांबवायला मोठे ब्रेक लागतात आणि ते मावायला मोठी चाके लागतात. चाकाचा एकूण घेर ठरावीक असल्याने मधली धातूची रिम मोठी झाली की रबराची भिंत आखूड होते. टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्यांतून हे कोणालाही काढता येते. १९५/६५ आर १५ यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या तुलनेत भिंतीची उंची टक्क्यांत आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे या टायरची भिंत १२७ मिलिमीटर. १९९८ च्या ३ सिरीजच्या साध्या आवृत्तीला असे टायर असत. आजच्या ३ सिरीजवर दिसणारा २२५/४५ आर १८ टायर घेतला तर भिंत १०१ मिलिमीटर. खड्ड्याचा पहिला घाव झेलणारी एक इंच हवा कमी झाली. त्यातच अनेक गाड्यांना पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावू शकणारे ‘रन-फ्लॅट’ टायर आले, ज्यांच्या भिंती मुद्दाम जाड आणि ताठ केलेल्या असतात.

आता गाडी आदळू लागली. ती सुखाची करायची तर हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन, संगणकाने नियंत्रित होणारे शॉकअप, त्या पिशव्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हे सगळे बसवावे लागते, आणि त्याचेही वजन असतेच. आरामासाठी चपळाई विकली असे बाहेरून जे दिसते, ते आतून पाहिले तर वजनाने आधी आराम बिघडवला, मग चपळाई बिघडवली आणि आता दोन्ही परत मिळवण्यासाठी यंत्रांवर यंत्रे चढत आहेत, असे आहे.

हे अटळ आहे असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरने २०१२ मध्ये नवी रेंज रोव्हर आणली तेव्हा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरून आधीच्या पिढीपेक्षा ४२० किलोंपर्यंत वजन कमी केले. ती गाडी आधीपेक्षा शांत झाली, सुखाची झाली आणि वळणावर चपळही झाली. वजन उतरवले तर काहीच सोडावे लागत नाही. खर्च मात्र करावा लागतो.

## ‘घड्याळ तर वेगळेच सांगते’

पहिला आक्षेप असा, की आजच्या कितीतरी आलिशान सेदान वीस वर्षांपूर्वीच्या अनेक स्पोर्ट्स कारना शर्यतीच्या मार्गावर मागे टाकतात, मग चपळाई कमी झाली कशी म्हणायची? आक्षेप बरोबर आहे. टायरचे रबर सुधारले, चारही चाकांना ताकद मिळू लागली, संगणक प्रत्येक चाक वेगळे सांभाळू लागला. घड्याळ पकड आणि ताबा मोजते, आणि या दोन्ही बाबतींत प्रगती प्रचंड आहे. पण संवाद घड्याळात मोजला जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते जाहिरातीत येत नाही.

मधल्या काळात तर तक्रार अगदी उलटी होती, हेही विसरू नये. या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन कंपन्या आपल्या घरगुती सेदानसुद्धा नुरबुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या सुमारे २०.८ किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर घासूनपुसून घेत, त्यांना कडक स्प्रिंगा आणि रन-फ्लॅट टायर देत, आणि साधे ग्राहक पाठ दुखते म्हणून कुरकुरत. तेव्हा कंपन्या स्पोर्टीपणासाठी आराम सोडत आहेत असा आरोप होता. आज दिसणारा मऊपणा हा काही अंशी त्या अतिरेकाची दुरुस्ती आहे, आणि मी तिचे स्वागतच करतो.

## ‘बटण दाबले की दोन्ही मिळते’

विक्रेता ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ अशी दोन बटणे दाखवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. यामागचे विज्ञान सुंदर आहे. १९७४ मध्ये डीन कार्नॉप हे अभियंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. गाडीचा शॉकअप चाकाला बांधण्याऐवजी आकाशातल्या एका काल्पनिक कडीला बांधला तर? मग खाली चाक कितीही नाचले तरी वरचा भाग स्थिर राहील. आकाशात कडी नसते, पण गाडीत संवेदक बसवून, त्या कडीने किती जोर लावला असता हे क्षणोक्षणी मोजून, तेवढाच जोर शॉकअपने लावायचा हे शक्य आहे. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचे शरीर हेच करत असते, फक्त तिला गणित मांडावे लागत नाही.

पुढे २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका सेदानमध्ये चुंबकीय शॉकअप आले. त्यांच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि वीज सोडली की थंडीत तूप थिजावे तसे ते तेल घट्ट होते, पण काही सहस्रांश सेकंदांत. २०१४ च्या मर्सिडीज एस-क्लास कूपेमध्ये वळणावर मोटारसायकलस्वाराप्रमाणे आतल्या बाजूला झुकण्याची सोय आली. बेंटलीच्या ‘बेंटेगा’मध्ये अँटी-रोल बार विजेच्या मोटरने पिळला जातो. मर्सिडीज एस-क्लासच्या सध्याच्या पिढीत मागची चाकेही १० अंशांपर्यंत वळू शकतात, त्यामुळे एवढी लांब गाडी अरुंद गल्लीत आखूड गाडीसारखी वळते.

हे सगळे मी कौतुकाने सांगतो, तरी त्याची मर्यादा सांगणे भाग आहे. ही यंत्रे गाडीचे अंग सावरतात, पण वस्तुमान पुसून टाकू शकत नाहीत. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, आणि तो वजनाच्या प्रमाणातही वाढतो. शेवटी तो झेलायचा असतो तळहाताएवढ्या चार ठिकाणी रस्त्याला टेकलेल्या रबराने. शिवाय ‘स्पोर्ट’चे बटण दाबल्यावर अनेक गाड्यांत स्टेअरिंग फक्त जड होते. मांज्याला वजन बांधल्याने पतंगाचे जास्त कळत नाही.

## ‘मालक मागे बसतो, त्याला याचे काय?’

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याशी थेट संबंधित आहे. चीनमध्ये ऑडीने २००० च्या आसपासच लांब व्हीलबेसची ए६ आणली, आणि इतर जर्मन कंपन्यांनी तोच मार्ग धरला. भारतात मर्सिडीजने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,०७९ मिलिमीटर व्हीलबेसची, म्हणजे नेहमीपेक्षा १४० मिलिमीटर लांब ई-क्लास आणली. आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात ती जुळवली जाते. चालक ठेवून मागे बसणारा ग्राहक जिथे जास्त, तिथे कंपनीने मागच्या सीटकडे लक्ष देणे हा अपराध नाही. लांब व्हीलबेसचा मागे बसणाऱ्याला खरा फायदाही आहे, कारण गतिरोधकावर गाडीचे पुढे-मागे झुलणे कमी होते.

तरीही मागे बसणाऱ्याला हँडलिंगशी देणेघेणे नाही, हे मला पटत नाही. ज्या गाडीच्या अंगाचा ताबा चांगला आहे तिच्यात मागे बसलेल्याचे डोके कमी हलते, हातातला कागद वाचता येतो, वयस्क आई-वडिलांना खंबाटकीच्या वळणांवर दांडीला धरून बसावे लागत नाही. आणि जो दिवसाला आठ-दहा तास ती गाडी चालवतो तो चालकही माणूसच आहे. गाडी नेमकी वळत असेल, तिचा अंदाज त्याला येत असेल, तर तो कमी थकतो. मालकाची सुरक्षितता त्याच्याच हातात असते.

## ‘आपल्या रस्त्यांवर चपळाई हवी कोणाला?’

शेवटचा आक्षेप नेहमीचा. हँडलिंग ही शर्यतवाल्यांची चैन आहे, आपल्याला साधी आरामाची गाडी पुरे. यावर ऑक्टोबर १९९७ मधली घटना सांगतो. मर्सिडीजने नवी छोटी ‘ए-क्लास’ आणली होती. स्वीडनमधल्या ‘टेक्निकेन्स वर्ल्ड’ या मासिकाने तिची एक साधी चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक मूस नावाचे उंच, अवजड हरीण आले असे समजून गाडी झटकन एका बाजूला घ्यायची आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये आणायची. त्या चाचणीत ए-क्लास उलटली. कंपनीला विक्री थांबवून सस्पेन्शन बदलावे लागले आणि ‘ईएसपी’, म्हणजे घसरणाऱ्या गाडीच्या एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, सर्व ए-क्लासमध्ये द्यावी लागली. ही यंत्रणा पुढे स्वस्त गाड्यांपर्यंत पोहोचण्यात त्या फजितीचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे मूस नाही. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर समोरच्या ट्रकच्या टायरचा उडालेला पट्टा असतो, राज्यमार्गावर रात्री बसलेली गुरे असतात, दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. त्या एका क्षणी गाडीने डावीकडे जाऊन पुन्हा उजवीकडे सावरून येणे, यालाच हँडलिंग म्हणतात.

## विजेच्या गाड्यांनी काय होईल

इथे चित्र मिश्र आहे. बीएमडब्ल्यूच्या विजेवर चालणाऱ्या ‘आय७’चे वजन अडीच टनांहून अधिक आहे. पण तिची बॅटरी जमिनीलगत पसरलेली असल्याने सगळे ओझे खाली राहते, आणि तळाशी जड असलेली गाडी वळणावर कमी कलते. विजेची मोटर इंजिनपेक्षा कितीतरी पटींनी जलद प्रतिसाद देत असल्याने घसरणारे चाक सावरण्याचे कामही अधिक नेमके होते. उद्याच्या बॅटऱ्या हलक्या झाल्या तर वर सांगितलेली सगळी साखळी उलट फिरू शकेल. टायर अरुंद होतील, भिंत उंच होईल, स्प्रिंग मऊ ठेवता येईल.

तोवर गाडी घेणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. चाचणीला गाडी घेऊन निघताना विक्रेत्याला बहुधा गुळगुळीत चौपदरी रस्ता आवडतो. त्याला मोडक्या गल्लीत न्या, तीसच्या वेगाने. मग एखादे लांब वळण घ्या आणि वळणाच्या मध्यावर रस्ता ओबडधोबड असेल तर उत्तमच. तिथे गाडी बाजूला सरकते की आपली रेघ धरून राहते ते पाहा. मग मागे बसून तेच वळण पुन्हा घ्यायला सांगा. आणि त्याच मॉडेलची लहान चाकांची आवृत्ती मिळत असेल तर ती आवर्जून चालवून पाहा. माझ्या मित्राने वर्षभराने १९ इंची चाके काढून कंपनीनेच मान्य केलेली १७ इंची चाके बसवली. त्यानंतर ताम्हिणीहून परतताना तो स्वतःहून म्हणाला, “आता थोडं थोडं कळायला लागलंय हाताला.”